पन्नाशीतल्या फियाटला शॉक ॲब्सॉर्बर कोणते?

प्रतिनिधी, मुंबई

जुनी मोटार नव्याने उभी करणाऱ्यांचा खर्च बहुधा ठरलेल्या क्रमाने होतो. आधी पत्रा आणि रंग, मग इंजिन, त्यानंतर क्रोमचे बंपर आणि आसनांचे रेक्झीन. गाडी झळाळू लागते, सोसायटीतली मंडळी कौतुक करून जातात. पहिल्याच गतिरोधकावर ती होडीसारखी डोलू लागली, की मग आठवण होते शॉक ॲब्सॉर्बरची. गॅरेजच्या भाषेत ‘शॉकअप’ची. तोवर ठरवलेले पैसे संपत आलेले असतात. गॅरेजवाला ‘बसतील ते’ आणून बसवतो, गाडी डोलायची थांबते आणि विषय संपला असे मालकाला वाटते. प्रत्यक्षात अनेकदा तो तेथून सुरू होतो. वर्षभरात मागच्या बाजूचा पत्रा शॉक ॲब्सॉर्बर अडकवलेल्या जागी चिरतो. पावसात ब्रेक लावताच गाडीचे मागचे अंग उड्या मारते. तेव्हा लक्षात येते, की ‘बसणारा’ भाग आणि ‘जुळणारा’ भाग एकच नव्हेत.

मुंबई-पुण्यात हा प्रश्न सर्वाधिक पडतो तो फियाटवाल्यांना. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ‘फियाट ११००’ बाहेर पडू लागली ती गेल्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकात. १९६४ मध्ये तिचे ‘११०० डी’ हे रूप आले आणि पुढे १९७४ पासून हीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा तो हाच. ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. टॅक्सीचा जमाना होता तोवर फियाटचे शॉक ॲब्सॉर्बर जवळपास प्रत्येक वाहनभागांच्या दुकानात टांगलेले असत. आता खासगी, हौशी मालक तेवढे उरले. ऑपेरा हाऊसच्या बाजारात किंवा पुण्याच्या नाना पेठेत आजही शोधले तर काही ना काही मिळते. मात्र मिळाले ते आपल्या गाडीचे आहे का, हे ओळखण्याची जबाबदारी ग्राहकावर येऊन पडली आहे.

नाव एक, काम दुसरेच

‘शॉक ॲब्सॉर्बर’ हे नाव मोठे फसवे आहे. रस्त्याचा धक्का सोसण्याचे काम हा भाग करीत नाही. ते स्प्रिंग करते. गाडीचे वजनही तो पेलत नाही. तेही स्प्रिंगच पेलते. फियाटमध्ये पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि मागे एकसंध ॲक्सलखाली पाटे आहेत. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि दबताना जी ऊर्जा साठते ती परत फेकते. तिला आवरणारे कोणी नसेल, तर गाडी पुन्हा पुन्हा वर-खाली होत राहील. या उसळीला लगाम घालणे एवढेच शॉक ॲब्सॉर्बरचे काम. नळीतला दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून आणि झडपांतून वाट काढते आणि त्या घर्षणात उसळीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. खराब रस्त्यावर तासभर चाललेल्या गाडीचा शॉक ॲब्सॉर्बर हाताला चांगलाच गरम लागतो, तो यामुळेच. इंग्रजी तंत्रग्रंथांतील ‘डॅम्पर’ हे नाव अधिक खरे आहे; पण बाजारात ते कोणी वापरत नाही.

हा फरक निव्वळ शब्दांचा नाही. गाडी मागून बसली आहे म्हणून शॉक ॲब्सॉर्बर बदलणारे कमी नाहीत. पाटे थकलेले असतील, त्यांची कमान सपाट झाली असेल, तर कितीही महाग शॉक ॲब्सॉर्बर घातला तरी गाडी उचलली जाणार नाही. उचललीच गेली तर ती चुकीच्या कारणाने उचलली गेली, असे समजावे. त्याचे स्पष्टीकरण पुढे येईल.

मोटारीच्या शरीराची उसळी सेकंदाला साधारण एक-दीड वेळा होते. चाक मात्र त्याच वेळी रस्त्यावर सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरू शकते. शॉक ॲब्सॉर्बरला या दोन्ही हालचाली आवरायच्या असतात. पहिली आवरली नाही तर प्रवाशाला मळमळते. दुसरी आवरली नाही तर चाक क्षणोक्षणी रस्ता सोडते. हवेत असलेले चाक ब्रेक लावून गाडी थांबवू शकत नाही. चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक असलेल्या पद्मिनीत तर थांबण्याची क्षमता आधीच बेताची. ओल्या रस्त्यावर त्यात आणखी घट परवडणारी नाही. जुन्या गाडीच्या शॉक ॲब्सॉर्बरकडे आरामाची बाब म्हणून पाहणे म्हणूनच चूक आहे.

आधी स्प्रिंग, मग शॉक ॲब्सॉर्बर

खरेदीला निघण्यापूर्वी एक दिवस गाडीखाली घालवावा. सपाट जागी गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. डाव्या-उजव्यात डोळ्यांना दिसेल एवढा फरक असेल, तर दोष स्प्रिंगमध्ये आहे. पाट्यांचा एखादा थर तुटलेला आहे का, शॅकलचे बुश झिजले आहेत का, रबरी ठोकळे म्हणजे चाक पूर्ण वर आल्यावर ज्यावर आपटते ते बंपस्टॉप जागेवर आहेत का, हे पाहावे. मुंबईतल्या जुन्या गाड्यांत हे ठोकळे बहुधा कुजून गळून गेलेले असतात आणि त्यांची आठवण कोणालाच नसते. ते नसतील तर मोठ्या खड्ड्यात सारा आघात शॉक ॲब्सॉर्बरच्या टोकावर येतो. नवा जोडही मग महिन्याभरात निकामी होऊ शकतो.

पाट्यांबाबत एक गंमत जाणकार मेकॅनिक आवर्जून सांगतात. एकावर एक रचलेले पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणाने उसळीला थोडा लगाम आपोआपच बसतो. गंजलेल्या, चिखलाने भरलेल्या पाट्यांत हे घर्षण इतके वाढते की शॉक ॲब्सॉर्बर मेला तरी गाडी फारशी डोलत नाही. मालक हौसेने पाटे उघडतो, साफ करून ग्रीस भरतो आणि गाडी अचानक डोलू लागते. ‘पाट्यांचे काम बिघडवले’ म्हणून भांडण होते ते कारागिराशी. दोषी असतो तो आधीपासूनच मेलेला शॉक ॲब्सॉर्बर.

तो मेला आहे की नाही हे ओळखण्याची जुनी रीत आजही चालते. गाडीचा एक कोपरा शरीराचे वजन टाकून दोन-तीनदा दाबावा आणि सोडून द्यावा. कोपरा वर येऊन जागेवर स्थिरावला तर ठीक. आणखी एक-दोन हेलकावे घेतले तर शॉक ॲब्सॉर्बर संपला. गंजलेले पाटे या परीक्षेत खोटी साक्ष देतात, हे मात्र लक्षात ठेवावे. नळीवर किंचित ओलसर धूळ बसलेली असेल तर ती चिंतेची बाब नाही. तेलाचा ओघळ खाली उतरलेला असेल, तर दुसऱ्या परीक्षेची गरज नाही. चकाकणाऱ्या दांड्यावर गंजाचे खड्डे पडले असतील, तरी निकाल तोच.

गाडीचे वय सांगेल जात

सगळ्याच जुन्या गाड्यांना नळीचे शॉक ॲब्सॉर्बर असतात असे नव्हे. फोर्डच्या मॉडेल टीला कारखान्यातून शॉक ॲब्सॉर्बर येतच नसत. पाट्यांच्या घर्षणावर तिचे भागत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या ट्रुफो यांच्या कल्पनेवरून अमेरिकेत हार्टफोर्ड यांनी घर्षणाचे शॉक ॲब्सॉर्बर बाजारात आणले. कात्रीसारखे दोन हात आणि त्यांच्या सांध्यात चकत्या. सांध्याचा बोल्ट आवळला की लगाम वाढतो. त्यांची खोड अशी, की स्थिर असताना घर्षण जास्त आणि हलू लागल्यावर कमी. म्हणजे बारीक खडबडीत रस्त्यावर ते कडक लागतात आणि मोठ्या उसळीत नरम पडतात. हवे असते ते नेमके उलटे. तरीही १९२०च्या दशकातल्या गाडीवर ते मूळचे असतील तर तेच ठेवावेत. चकत्या बदलून ते आणखी कित्येक वर्षे चालतात.

पुढे तेल आले. १९२७ ते १९३१ या काळात बनलेल्या फोर्ड मॉडेल एवर हूदाय पद्धतीचे, डब्यात पाते फिरवणारे शॉक ॲब्सॉर्बर होते. ब्रिटिश गाड्यांत दीर्घकाळ टिकला तो तरफेचा प्रकार. तेलाने भरलेला ओतीव लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा डबा चॅसिसला घट्ट बसवलेला आणि त्यातून बाहेर आलेला हात चाकाच्या यंत्रणेला जोडलेला. मॉरिस मायनरवाल्यांना आणि एमजीबीवाल्यांना त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. या दोन्ही गाड्यांच्या पुढच्या चाकांना हा हात केवळ लगाम घालीत नाही, तर चाक धरून ठेवणारा वरचा दुवाही तोच असतो. ‘तरफ काढून नळीचा टाका’ हा सल्ला म्हणूनच येथे धोक्याचा. तरफ काढली तर चाकाला वरून धरणार कोण? नळीचा बसवायचा झाला तरी जुना हात किंवा त्याच्या जागी दुसरा पक्का दुवा ठेवावाच लागतो, आणि नव्या नळीचा भार झेलायला त्या जागचा पत्रा तेवढा जाड आहे का हेही तपासावे लागते.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपवर नळीचेच शॉक ॲब्सॉर्बर होते आणि स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रने जोडलेल्या जीपही याच वंशातल्या. फियाट ११०० याच गटात येते. ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ पर्यंत चालू राहिल्याने तिच्या अलीकडच्या मॉडेलांच्या मालकांची शोधाशोध तुलनेने कमी आहे.

टेपने सुटणारे अर्धे कोडे

नळीच्या शॉक ॲब्सॉर्बरची निवड नावाने नव्हे, मापाने करावी. दुकानदार ‘फियाटचाच आहे’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत असतो असे नाही. पण त्या एका नावाखाली अनेक वर्षांच्या, अनेक उत्पादकांच्या वस्तू फिरत असतात. शिवाय पन्नास वर्षांत गाडीचे पाटे एकदोनदा तरी बदललेले असतात. कोणी एखादा थर वाढवलेला असतो, कोणी शॅकल लांब केलेली असते. कारखान्याचे माप आणि आज दारात उभ्या असलेल्या गाडीचे माप यांत अंतर पडलेले असते. खरे मानायचे ते दुसरे.

त्यासाठी जुना शॉक ॲब्सॉर्बर काढून ठेवावा. गाडी भक्कम स्टँडवर घ्यावी; नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. ॲक्सल मोकळा खाली लोंबू द्यावा आणि वरच्या व खालच्या अडकवण्याच्या जागांतले अंतर मोजावे. हे सर्वांत मोठे अंतर. मग ॲक्सल जॅकने बंपस्टॉपला टेकेपर्यंत वर उचलावा आणि पुन्हा मोजावे. हे सर्वांत लहान. समजा ही अंतरे ५० आणि ३३ सेंटिमीटर आली. तर नवा शॉक ॲब्सॉर्बर पूर्ण ओढल्यावर ५० हून दीड-दोन सेंटिमीटर लांब भरला पाहिजे आणि पूर्ण दाबल्यावर ३३ हून तेवढाच आखूड. म्हणजे साधारण साडेएकावन्न आणि साडेएकतीस. (हे आकडे उदाहरणापुरते, आपल्या गाडीचे आपणच घ्यावेत.)

दोन्ही बाजूंना एवढी सूट कशासाठी? दाबल्यावर तो जास्त लांब राहिला, तर बंपस्टॉपच्या आधी शॉक ॲब्सॉर्बरच तळाला आपटेल आणि गाडीचे सारे वजन क्षणभर त्या एका बोल्टवर येईल. ओढल्यावर तो आखूड पडला, तर चाक खड्ड्यात उतरताना ॲक्सल त्याला लोंबकळेल. फियाटसारख्या गाडीला वेगळी चॅसिस नाही. पत्र्याचाच सांगाडा सगळा भार वाहतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि मुंबईच्या पावसात तो पन्नास वर्षे भिजलेला असतो. तेथे हा ओढा बसला की पत्रा चिरलाच. वरच्या जागेची तपासणी, गरज असेल तर वेल्डिंग करून तिला मजबुती, ही कामे नवा शॉक ॲब्सॉर्बर खोक्यातून काढण्याआधीच उरकावीत.

टोकांकडेही लक्ष हवे. काहींना दोन्ही टोकांना बुश बसवलेली कडी असते, काहींना आट्यांचा दांडा आणि रबरी वायसर. कडीचे भोक, बुशची रुंदी, बोल्टची जाडी यांत एखाद्या मिलिमीटरची गफलत झाली, तरी ‘वायसर टाकून बसवू’ असे सांगितले जाते. ते ऐकू नये. ढिला बुश खडखडतो आणि काही दिवसांत भोक अंडाकृती करून टाकतो.

नरम की कडक?

माप जुळले म्हणजे निम्मेच काम झाले. त्याच लांबीचा, त्याच कडीचा शॉक ॲब्सॉर्बर एखाद्या मालवाहू गाडीचाही असू शकतो. त्याच्या झडपा दुप्पट वजनाच्या गाडीसाठी घडवलेल्या असतात. सुमारे नऊशे किलोच्या पद्मिनीवर तो बसेल आणि गाडी दगडासारखी होईल. मालकाला सुरुवातीला बरेही वाटते, ‘गाडी कशी रस्त्याला चिकटून चालते’. खरे तर ती प्रत्येक खड्ड्याचा धक्का जसाच्या तसा पत्र्याला, काचेला आणि मणक्याला पोचवत असते. बाजारात कडक म्हणजे चांगला असा एक समज रूढ आहे. जुन्या, नरम स्प्रिंगांच्या गाड्यांचे जेवढे नुकसान त्याने केले आहे, तेवढे गंजानेही क्वचितच केले असेल.

शॉक ॲब्सॉर्बरला दाबताना आणि ओढताना सारखा जोर लागत नाही. ओढताना तो बहुधा दुप्पट-तिप्पट कडक असतो, कारण स्प्रिंगने साठवलेली ऊर्जा परत येताना तिला रोखायचे असते; दाबताना मात्र चाकाला खड्ड्यावरून वर यायला मोकळीक हवी असते. हा ओढतानाचा लगाम गरजेपेक्षा जास्त झाला तर एक चमत्कारिक प्रकार घडतो. पेव्हर ब्लॉकचा उखडलेला रस्ता किंवा ओळीने आखलेले रबरी गतिरोधक आले, की स्प्रिंग एकदा दबते, पूर्ण उलगडण्याआधीच दुसरा उंचवटा येतो आणि ती आणखी दबते. गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी ठोकळ्यांवर आपटू लागते. मालक म्हणतो, स्प्रिंगा बसल्या. दुकानदार आणखी कडक शॉक ॲब्सॉर्बर काढून देतो.

गॅसच्या शॉक ॲब्सॉर्बरची भुरळ हा आणखी एक विषय. साध्या दुहेरी नळीच्या प्रकारात आतल्या नळीत दट्ट्या चालतो आणि बाहेरच्या नळीत जादा तेल व थोडी हवा असते. खराब रस्त्यावर फार वेळ घुसळले की तेलात हवा मिसळून फेस होतो आणि लगाम सुटतो. यावर उपाय म्हणून हवेऐवजी नायट्रोजन थोड्या दाबाने भरला जाऊ लागला. असे कमी दाबाचे दुहेरी नळीचे शॉक ॲब्सॉर्बर जुन्या गाडीला सहसा बाधत नाहीत. त्याहून वेगळा प्रकार म्हणजे एकाच नळीत तेल आणि उच्च दाबाचा गॅस असलेला. फ्रेंच शास्त्रज्ञ द कार्बों यांच्या कामातून १९५०च्या दशकात तो पुढे आला आणि जर्मनीच्या बिल्स्टाइन कंपनीने मर्सिडीजच्या गाड्यांसाठी तो रुळवला. वस्तू उत्तम, पण तिचे गणित वेगळे आहे. २५ वातावरणाचा दाब ११ मिलिमीटर जाडीच्या दांड्यावर पडला, की तो दांडा सुमारे २४ किलोच्या जोराने सतत बाहेर ढकलला जातो. मागे असे दोन बसवले म्हणजे जवळपास पन्नास किलो. मागच्या आसनावरचा एक सडपातळ प्रवासी उतरावा तेवढी गाडी वर उचलली जाते. ‘शॉकअप बदलले आणि गाडी उठली’ असे सांगणाऱ्यांचे समाधान असते ते हे. थकलेली स्प्रिंग थकलेलीच राहते आणि पत्र्यावर मात्र कायमचा नवा भार येतो.

फियाट, मायनर किंवा जीप यांसारख्या गाड्यांना शहरात आणि अधूनमधून खंडाळ्याच्या घाटात चालवायचे असेल, तर साधे तेलाचे, दुहेरी नळीचे शॉक ॲब्सॉर्बर पुरेसे आहेत आणि बहुधा तेच योग्य आहेत. ज्यांना खर्च परवडतो त्यांच्यासाठी नेदरलँड्सच्या कोनी कंपनीसारखे जुळवून घेता येणारे प्रकार आहेत. त्यांत नळी पूर्ण दाबून दांडा फिरवला की ओढतानाचा लगाम वाढवता येतो. ती सोय झीज भरून काढण्यासाठी आणि स्प्रिंगशी मेळ घालण्यासाठी आहे. पहिल्या दिवशी सर्वांत नरम बाजूला ठेवून सुरुवात करावी.

नवे, जुने नवे, की दुरुस्त केलेले?

भारतात शॉक ॲब्सॉर्बर बनवण्याचा उद्योग साठच्या दशकापासूनचा. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या ‘गॅब्रिएल इंडिया’चा पहिला कारखाना मुलुंडचा. त्या काळातला, न वापरलेला, मूळ खोक्यातला माल अजूनही एखाद्या जुन्या दुकानाच्या माळ्यावरून निघतो आणि हौशी मंडळी त्यावर तुटून पडतात. खोके पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही. आतले रबरी सील तीस-चाळीस वर्षांत कडक झालेले असते. वस्तू कधीच वापरली नाही म्हणून ते तरुण राहत नाही. विकत घेण्यापूर्वी शॉक ॲब्सॉर्बर उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण ओढावा व दाबावा. पहिल्या दोन खेपा पोकळ लागल्या तर हरकत नाही. आडव्या ठेवलेल्या नळीत हवा शिरते आणि ती अशीच निघते. त्यानंतरही मधेच हात ‘रिकामा’ गेला किंवा दांड्याजवळ तेल दिसले, तर तो कपाटात शोभेला ठेवण्यापुरता. प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीला एक वेळ चालेल, घाटातल्या गाडीला नाही.

दुरुस्तीचा पर्याय प्रकारावर अवलंबून आहे. तरफेचे शॉक ॲब्सॉर्बर दुरुस्तीसाठीच जन्मले आहेत. सील, झडप, आसाचा बुश बदलता येतो, तेल वरून भरता येते. अनेकजण त्यासाठी मोटारसायकलच्या फोर्कचे तेल वापरतात. त्यात इंजिनचे घट्ट तेल ओतून ‘कडक’ करण्याची आपल्याकडची जुनी युक्ती मात्र टाळावी आणि ब्रेकचे तेल तर चुकूनही घालू नये. सील फुगून निकामी होण्याचा धोका त्यात आहे. नळीच्या प्रकारात काही जुन्यांना आट्यांचे झाकण असे. ते उघडून सील बदलता येते. बहुसंख्य नळ्या मात्र कारखान्यातच कायमच्या बंद केलेल्या. त्या कापून, तेल भरून, पुन्हा वेल्ड करणारे कारागीर आहेत आणि त्यांतले काही खरोखर निष्णात आहेत. त्यांना एकच प्रश्न विचारावा: दांड्याचे काय करणार? खड्डे पडलेला दांडा घासून त्यावर नव्याने हार्ड क्रोम चढवला नाही, तर नवे सील काही आठवड्यांतच फाटते. ‘दांडा चालेल’ असे उत्तर आले तर काम दुसरीकडे द्यावे. दुरुस्त होऊन आलेले दोन शेजारी ठेवून हाताने एकाच वेगाने ओढून पाहावेत. दोघांचा जोर सारखा लागला पाहिजे. एकाच ॲक्सलवर एक नवा आणि एक जुना बसवणे म्हणजे ब्रेक लावताना गाडीला एका बाजूला ओढून घेण्याचे आमंत्रण. बदलायचे ते जोडीने.

मूळ रूपाचे काय?

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नोंदणीचे नियम जारी केले. त्यानुसार वीस हजार रुपये शुल्क भरून दहा वर्षांची नोंदणी आणि ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. फेरनोंदणीला पाच हजार. असे वाहन रोजच्या ये-जा करण्यासाठी किंवा व्यवसायासाठी नव्हे, तर रॅली, प्रदर्शन, देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. वाहन मूळ रूपात असावे आणि चॅसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. शॉक ॲब्सॉर्बर हा झिजणारा सुटा भाग. मूळ जागी, मूळ पद्धतीचा नवा बसवल्याने या अटीला धक्का लागण्याचे कारण दिसत नाही. तरफेच्या जागी नळी आणण्यासाठी सांगाडा कापून नवे कंस वेल्ड केले, तर मात्र प्रश्न निराळा. तपासनिसाला त्याचे उत्तर द्यावे लागेल आणि उद्या मूळ रूपात परतायचे ठरवले तर कापलेला पत्रा परत येणार नाही. बदल करायचाच असेल तर तो बोल्टने बसणारा आणि बोल्टने निघणारा असावा. काढलेले जुने भाग, कितीही गंजलेले असोत, चिठ्ठी बांधून जपून ठेवावेत.

कामे अडतात ती बहुधा शेवटच्या दहा मिनिटांत. बुशचे बोल्ट गाडी हवेत असतानाच करकचून आवळले जातात. चाके जमिनीवर आली की रबर आतल्या आत पिळवटते आणि महिनोन् महिने तसेच राहून फाटते. बोल्ट हाताने बसवून गाडी चाकांवर उभी करावी, आत दोन माणसे बसवावीत आणि मग पूर्ण आवळावे. टायरमधली हवा तपासावी. पहिल्या दिवशी ओळखीच्या, खराब आणि मोकळ्या रस्त्यावर रिकामी गाडी न्यावी आणि मग तोच रस्ता चार माणसे बसवून पुन्हा करावा. रिकामी असताना समजूतदार वाटणारी गाडी भरल्यावर ठोकळ्यांवर आपटते का, हे तेव्हाच कळते. पाचशे किलोमीटरनंतर चारही बोल्ट पुन्हा पाहावेत आणि वरच्या जागेच्या रंगाला केसाएवढी चीर गेली आहे का, ते विजेरीच्या उजेडात न्याहाळावे.